घरची प्रार्थना आणि मुलांचे प्रश्न

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झालेलं हे बोलणं. वेळेअभावी सांगायचं राहून गेलेलं काही इथे घातलं आहे.)



गेल्या महिन्यात आमच्या बचतगटाची बैठक आमच्या ओटीवर होती. हप्त्यांचा हिशेब काही जुळेना. सात वाजून गेले आणि आतून मुलांचा आवाज सुरू झाला. एकजण पुढे म्हणतोय, बाकीची मागून म्हणताहेत, पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेजारच्या वहिनी पासबुकं गोळा करता करता मला म्हणाल्या, "तुमची पोरं रोज एवढं काय म्हणतात हो? आमच्याकडे शुभंकरोती दोन मिनिटांत आटपतं, तरी धाकटा पळून जातो. तुमची बसतात कशी?"

मला हसू आलं, कारण आमचीही बसत नव्हती. ती कशी बसायला लागली, मधे एक जण कसा उठून गेला आणि परत कसा आला, ते आज सांगते. मी वसई पट्ट्यातल्या खेड्यातली. आमचं घर कॅथलिक. ऐकणाऱ्यांत सगळ्या धर्मांच्या बहिणी आहेत, म्हणून आमच्यातले शब्द जरा उलगडून सांगेन. ज्यांना ते माहीतच आहेत त्यांनी कंटाळू नये.

दिवेलागणीनंतर आमच्या घरांत रोझरी म्हणतात. रोझरी म्हणजे जपमाळ. येशूच्या आणि त्याची आई मरिया हिच्या आयुष्यातले पाच प्रसंग एकामागून एक आठवायचे. प्रत्येक प्रसंगाला एकदा 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना आणि दहा वेळा 'नमो मरिया'. पाच दाहे पन्नास. न घाईने म्हटलं तर वीस मिनिटं लागतात. प्रसंगांना आम्ही रहस्यं म्हणतो. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी तीन प्रकारची पूर्वीपासून होती. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांत प्रकाशाची रहस्यं घातली. वारानुसार ती बदलतात.

मोठ्या माणसाला ही वीस मिनिटं विसाव्याची असतात. दिवसभर वाडीत राबून आलेल्या बाईला गुडघे टेकल्यावर जे वाटतं ते तिलाच माहीत. पण सहा वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं म्हणजे अर्धा जन्म. आमचा मुलगा तिसऱ्या मण्यापासून विचारायला लागायचा, "मम्मी, अजून किती राहिलं?" मी डोळे वटारायची. चिमटाही काढलेला आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे म्हणायची, "देव बघतोय हं." म्हणजे देव कोण, तर गावच्या पोलीसपाटलासारखा कुणीतरी. मुलाच्या मनात मीच तसा देव बसवला होता.

दर रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग असतो. मुलाला तिथे पाठवलं की आपलं काम झालं, असंही मला वाटायचं. पण आमच्या धर्मसभेची शिकवण उलटी आहे. मुलाचे पहिले शिक्षक आईबाप. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, तिने तर घरालाच छोटं चर्च म्हटलं आहे. वाचायला छान वाटतं. संध्याकाळी भाकऱ्या थापताना, एक पोर रडत असताना आणि नवरा बातम्या लावून बसलेला असताना ते छोटं चर्च कसं चालवायचं, हा खरा प्रश्न.

आमच्या घरी गाडी रुळावर आली ती एका फडक्यामुळे. सांगते कसं ते.

आमच्या चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते सुरू होतं नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. तिथून नाताळपर्यंत आगमनकाळ. मग नाताळचा काळ. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये राखेच्या बुधवारपासून प्रायश्चित्तकाळ, नंतर ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा काळ, तो ५० दिवसांचा. उरलेलं वर्ष सामान्यकाळ. प्रत्येक काळाचा रंग ठरलेला. आगमनकाळ आणि प्रायश्चित्तकाळ जांभळा, नाताळ आणि ईस्टर पांढरा, सामान्यकाळ हिरवा, आणि काही खास दिवशी, जसं पवित्र आत्म्याचा सण किंवा हुतात्म्यांचे दिवस, लाल. फादरांचा मिस्सेचा झगा त्याच रंगाचा असतो.

मुलाने एकदा विचारलं, "फादर आज हिरवे का?" मी घरातल्या जुन्या ब्लाऊजपिसांतून चार रंगांचे चार चौकोन कापले, कडा दुमडून शिवल्या आणि घरातल्या वेदीवर अंथरायला लागले. फडकं बदलायचं काम त्याला दिलं. चार दिवसांनी धाकटी म्हणाली, मलाही हवं. मग एकाने फडकं, एकीने फूल. झालं. आता काळ बदलला की मला सांगावं लागत नाही, तेच येऊन सांगतात, "मम्मी, रविवारी जांभळं." ज्या गोष्टीला मुलाचा हात लागतो ती त्याची होते. हे आपल्याला चुलीपाशी माहीत असतं. पोळी लाटायला दिली की पोर स्वयंपाकघरात रमतं. प्रार्थनेच्या वेळी मात्र आपण त्याला हाताची घडी घालून बसवतो.

आणि वेळ कमी केला. पाचाची एक रोझरी मुलांनी एकच दशक म्हणायचं, दहा मणी. त्यांचं झालं की ती उठू शकतात, आम्ही मोठी पुढे चालू ठेवतो. सासूबाईंना हे आधी पटलं नाही. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती, एक अक्षर कळायचं नाही तरी सगळी मुलं गुडघ्यावर असायची, असं त्या सांगत. १९६० नंतरच्या दशकात आमची उपासना मराठीत आली. पण गंमत बघा, आता आमची नातवंडं इंग्रजी शाळेत जातात आणि प्रार्थना इंग्रजीत म्हणायला लागली आहेत. आजी मराठीत, नातू इंग्रजीत, दोघं एकाच माळेवर! मी मुलांना सांगितलं, घरात आजीच्या भाषेत. आणि शेवटी प्रत्येकाने आपल्या मनातलं एक वाक्य बोलायचं, ते आपल्या बोलीत, आंघोळ करताना जसं बोलतो तसं.

यात नवीन काही नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि ४० वर्षं राहिले. इथल्या लोकांना येशूची गोष्ट सांगायची तर त्यांनी इथलीच ओवी घेतली. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचं आहे. परक्या देशातून आलेल्या माणसाने आपल्या बायकांच्या जात्यावरचा छंद उचलला, आणि आम्ही आमच्याच पोरांना सांगतो, नीट इंग्लिशमध्ये म्हण. असो.

आता आगमनकाळाबद्दल, कारण तो या रविवारी दारात आहे.

या चार आठवड्यांत आमच्या चर्चमध्ये आणि पुष्कळ घरांत हिरव्या पानांचं कडं करून त्यात चार मेणबत्त्या लावतात. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा चढत्या. तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार. ही पद्धत कुठून आली ते मुलांना जरूर सांगा. १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्गजवळ योहान विखर्न नावाचे प्रोटेस्टंट पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होते. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. सांगतात की त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक लावायला लागले. मुलांनी उजेड मोजला. म्हणजे ही गोष्ट मुळातच 'अजून किती राहिलं' या प्रश्नावरून सुरू झाली! मी ते वाचलं तेव्हा मला माझे वटारलेले डोळे आठवले. प्रश्न तोच, पण त्या पाळकांनी त्याला चाक दिलं.

तिकडे देवदारासारखी झाडं असतात. आपण स्टीलच्या ताटात आंब्याच्या डहाळ्या किंवा समुद्राकडच्या सुरूच्या फांद्या गोल लावाव्यात. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांना रिबीन बांधा. फांद्या वाळल्या की बदला, पेट घेतात. आणि ताट खिडकीच्या पडद्याजवळ नको.

दुसरी गोष्ट गोठ्याची. नाताळला मुलं येशूच्या जन्माचा गोठा करतात. आमच्या भागात तर आळीआळीत गोठ्यांची चढाओढ असते. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून नाताळची रात्र साजरी केली, तिथून ही रीत पसरली. ज्या मुलांनी गाईच्या तोंडाची वाफ हातावर घेतली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गव्हाण म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना चित्रात दाखवावं लागतं, आपल्या मुलांना नाही.

त्यात एक जुनी प्रथा आहे. रिकामी गव्हाण ठेवायची आणि मुलाने काही चांगलं केलं की त्यात पेंढ्याची एक काडी टाकायची. नाताळपर्यंत बाळासाठी मऊ अंथरूण तयार. भात झोडून झालेलं असतं, पेंढा घरचाच. मी पहिल्या वर्षी उत्साहाने वही घातली, कुणी किती काड्या टाकल्या त्याची. आठवड्यात मुलगा बहिणीच्या काड्या मोजायला लागला. तिने आजीला पाण्याचा पेला दिला, तर हा म्हणे, माठातून पाणी मी काढलं होतं, काडी माझी. नाताळला गव्हाणीत पेंढाही भरपूर झाला आणि घरात भांडणंही. दुसऱ्या वर्षी वही चुलीत घातली. आता पेंढ्याची जुडी बाजूला असते, ज्याला टाकायची त्याने गुपचूप टाकावी. कमी भरते. पण कोण टाकतो हे कुणी विचारत नाही. एकदा पहाटे आमच्या ह्यांना टाकताना मी पाहिलं, तेव्हा मीही काही बोलले नाही.

आता जरा जड गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात सासूबाई आजारी पडल्या. ऑक्टोबर हा आमच्यात रोझरीचा महिना. आळीत रोज एकेका घरी जमून माळ म्हणतात. आमचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. शेवटी मनातलं वाक्य म्हणायची पाळी आली की तो रोज एकच म्हणायचा, "आजीला बरं कर." सगळी आळी म्हणायची, "आमेन." ऑक्टोबर संपता संपता सासूबाई गेल्या.

मातीच्या दिवशी एका नातेवाइकांनी त्याला जवळ घेऊन सांगितलं, "रडू नको बाळा, चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपण सगळ्याच असं बोलतो. त्या रात्री तो माझ्या अंथरुणापाशी आला आणि विचारलं, "मम्मी, तू चांगली आहेस का?" मी दमलेली, म्हटलं, "झोप आता." दोन दिवसांनी भांडी घासताना माझ्या डोक्यात उजेड पडला की पोराने काय विचारलं होतं. माझ्या हातातून तवा पडला.

त्यानंतर तो प्रार्थनेला बसेना. आम्ही आत, हा मागच्या पायरीवर मांजर घेऊन. हे चिडले, म्हणाले ओढून आणतो. मी अडवलं. मला तरी कुठे ठाऊक होतं काय करायचं ते? पण ओढून आणलेल्या मुलाचं शरीर तेवढं गुडघ्यावर येतं, हे मला चिमटे काढून काढून कळलं होतं.

२ नोव्हेंबर हा आमचा सर्व मृतांचा दिवस. आधी चार दिवस दफनभूमीतलं गवत काढतात, थडगी धुतात. त्या दिवशी प्रत्येक घर आपापल्या माणसाच्या थडग्यावर झेंडू-शेवंती वाहतं, मेणबत्त्या लावतं, फादर आशीर्वादाचं पाणी शिंपडत फिरतात. आमची श्रद्धा अशी की माणूस गेला तरी नातं तुटत नाही. आपण त्याच्यासाठी प्रार्थना करू शकतो. आमच्या हिंदू शेजारणी पितृपंधरवड्यात आपल्या माणसांची आठवण करतात. अर्थ वेगवेगळे असतील, पण ताटावर बसल्यावर घशात येणारा आवंढा सारखाच.

तो येत नव्हता. मी म्हटलं, "प्रार्थना नको करू. पण वारा सुटलाय, आजीची मेणबत्ती विझते. हाताचा आडोसा धरायला कुणीतरी हवं." तो आला. ओल्या मातीवर बसला आणि दोन्ही हातांचा आडोसा धरला. बऱ्याच वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपण रोज मागितलं होतं. मग?"

मैत्रिणींनो, माझ्या जिभेवर पाच उत्तरं आली. देवाची इच्छा. आजी आता सुखात आहे. तू नीट मागितलं नसशील, हे तर कुणाही मुलाला कधीच म्हणू नका. मी एवढंच म्हटलं, "मलाही कळलं नाही रे. मीसुद्धा तेच मागत होते." मग म्हटलं, "आणि आजी चांगली होती म्हणून गेली नाही. ती आजारी होती म्हणून गेली. मी आजारी नाही." त्याने पहिल्यांदा वर बघितलं.

नंतर मी आमच्या फादरांना विचारलं, आता काय शिकवू? ते म्हणाले, उत्तर द्यायची घाई करू नका, प्रायश्चित्तकाळ येऊ द्या, तेव्हाच्या गोष्टी त्याला वाचू द्या. मला वाटलं, हे टाळताहेत. टाळत नव्हते.

प्रायश्चित्तकाळ ४० दिवसांचा, रविवार त्यात धरत नाहीत. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो, त्या दिवशी कपाळावर राख लावतात. ती राख कुठली, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आपण माडाच्या ज्या हिरव्या झावळ्या मिरवतो, त्याच घरी क्रुसामागे खोचून ठेवतो. वर्षभरात त्या वाळतात. मग चर्चमध्ये गोळा करून जाळतात, त्याची ही राख. मुलाच्या डोळ्यांसमोर वर्ष फिरून येतं. हिरवं, वाळलेलं, राख. आणि परत हिरवं.

उपवासाबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत, म्हणून सांगते. नियमाप्रमाणे उपवास १८ ते ५९ वयापर्यंतच्या माणसांना, आणि मांस वर्ज्य करणं १४ वर्षं पूर्ण झाल्यावर. लहान मुलांना उपाशी ठेवायचं नसतं. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, आजारी बायकांनीही नाही. मुलांनी काही सोडायचं असेल तर त्यांनीच ठरवावं, आणि त्यातून वाचलेले पैसे डब्यात टाकून ते कुणाला द्यायचे हेही त्यांनीच. खरं सांगू, चॉकलेट सोडलेलं मूल ४० दिवस घरभर चिडचिड करणार असेल तर मला ते चॉकलेट खाल्लेलं बरं वाटतं. त्यापेक्षा पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंची घागर भरून दे म्हणावं.

त्या वर्षीचा पवित्र आठवडा. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री आम्ही घरी बायबलमधली गेथसेमनी बागेची गोष्ट वाचतो, आळीपाळीने. पकडले जाण्याआधी येशू रात्री बागेत एकटा प्रार्थना करतो. बापाला विनवतो की हे दुःख माझ्यावरून टळू दे, पण शेवटी तुझ्या मनासारखं होवो. मित्र झोपलेले असतात. दुःख टळत नाही. मुलगा अजून पायरीवरच बसायचा, पण दार उघडं असायचं. तिथून आवाज आला, "म्हणजे त्यानेसुद्धा मागितलं होतं?"

मी म्हटलं, "हो."

"आणि मिळालं नाही?"

"नाही."

तो आत आला. पुढचा भाग वाचायची पाळी धाकटीची होती, त्याने पुस्तक तिच्या हातातून ओढलं आणि स्वतः वाचायला लागला. ती ओरडली. मी म्हटलं, वाचू दे. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये, क्रुसावरचा येशू देवाला विचारतो की तू मला का सोडलंस, तो भाग आला तेव्हा त्याने माझा हात दाबला. त्याला एवढं कळलं असावं की हा प्रश्न विचारला तर देव रागावत नाही, कारण तो त्याच्या मुलानेच विचारलेला आहे. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. मला स्वतःलाच ते तेव्हा दिसलं. एवढी वर्षं दर गुड फ्रायडेला ऐकत होते.

शनिवारी रात्री ईस्टरची जागरण-मिस्सा. चर्चबाहेर अंधारात होळीसारखा विस्तव पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती, आणि तिच्यावरून एकेक करत सगळ्यांच्या. प्रायश्चित्तकाळात आम्ही 'आलेलुया' हा आनंदाचा शब्द उच्चारत नाही, त्या रात्री तो पुन्हा म्हणतात. मुलांसाठी एक खेळ करता येतो. राखेच्या बुधवारच्या आधी मुलांनी कागदावर 'आलेलुया' लिहून, रंगवून, डब्यात बंद करायचं, डबा कपाटावर. ईस्टरला उघडायचा. आमच्या धाकटीने मधेच दोनदा उघडून बघितला, अजून आहे का म्हणून.

ईस्टर दर वर्षी पुढेमागे का होतो, असं वहिनींनी मला विचारलं होतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा हिशेब आहे. म्हणजे बहुतेक वेळा हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर, एखाद्या वर्षी होळीच्या. मुलांना गच्चीवर नेऊन चंद्र दाखवा आणि त्यांनाच काढू द्या रविवार.

बाकीच्या महिन्यांचं थोडक्यात. मे महिना मरियेचा, सुट्टी असते, मुलांना आळीतल्या क्रुसाला फुलं वाहायला लावा. ८ सप्टेंबर मरियेचा जन्मदिवस. अहिल्यानगर जिल्ह्यात हरेगावला मतमाउलीची मोठी यात्रा त्याच सुमारास भरते, तिकडच्या बहिणींना माहीतच आहे. मंगळूरकडे या सणाआधी नऊ दिवस मुलं फुलं वाहतात आणि नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद घेतात. आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. शेतं कमी झाली, काही घरांत लोंब्या विकत आणाव्या लागतात. तरी त्या दिवशी मुलाला एक दाणा सोलून खायला द्या आणि हा कुणी पिकवला ते विचारा. ती प्रार्थनाच आहे.

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. अजूनही "किती राहिलं" विचारतो, काही फार बदललेला नाही. मोबाइल आहे, क्रिकेट आहे. काही संध्याकाळी आमची रोझरी होतच नाही, आणि मी त्याचं पाप मानून बसत नाही. सासूबाईंची माळ खिळ्याला टांगलेली असते. परवा त्याने ती काढली, दोन मणी तारेतून सुटलेले होते, ते पक्कडीने बसवले आणि परत टांगली. मला म्हणाला, "रविवारी पहिली मेणबत्ती मी लावणार, ताईने मागच्या वर्षी लावली."

तेव्हा बहिणींनो, ज्यांच्या घरी आगमनकाळ आहे त्यांनी शनिवारीच तयारी करून ठेवा. ताट, हिरव्या डहाळ्या, चार मेणबत्त्या, जांभळं फडकं, पेंढ्याची जुडी. मेणबत्ती कुणी लावायची ते आधी ठरवा, ऐन वेळी भांडण नको. काडेपेटी मोठ्या माणसाच्या हातात. आणि शेवटी मुलाने मनातलं वाक्य म्हटलं की लगेच आमेन म्हणू नका, जरा थांबा. पुष्कळदा त्याचं खरं वाक्य दुसरं असतं.